पावसाआधी घराच्या बाहेरचा रंग: गोव्यातल्या घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तो नुसता वरून पडत नाही. नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येऊन भिंतीवर आपटतो. पेडण्यापासून काणकोणापर्यंत घरमालक रंगकामाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो: यातल्या बऱ्याच उत्तरांत रंगाच्या डब्याचा उल्लेखच येणार नाही. बाहेरच्या रंगाचे पोपडे निघतात ते बहुतेक वेळा रंगाच्या मागे पाणी शिरल्यामुळे. ते पाणी अडवलं नाही, तर महागातला महाग रंगही दोन पावसाळ्यांत हात टेकतो.

बाहेरचं रंगकाम नेमकं कधी काढावं?

फेब्रुवारी ते एप्रिल. पावसाळाभर पाणी प्यायलेली भिंत ऑक्टोबरात वरून कोरडी दिसते, पण आतून सुकायला तिला आणखी दीड-दोन महिने लागतात. जाड चिऱ्यांची (जांभ्या दगडाची) भिंत असेल तर त्याहून जास्त. म्हणून दिवाळीनंतर पाहणी आणि दुरुस्ती करा, प्लास्टर आणि भेगांचं काम जानेवारीपर्यंत उरका आणि मग रंगाला हात घाला.

मोसमी पाऊस गोव्यात साधारण ५ जूनच्या सुमारास पोचतो, त्यामुळे ‘अजून मे आहे की’ असं वाटतं. पण मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात संध्याकाळचा वळीव कधीही येतो, शिवाय अरबी समुद्रातली चक्रीवादळं नेमकी मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळातच उठतात. मे २०२१ च्या मध्यावर तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा झाडं आणि विजेचे खांब आडवे झाले. तेव्हा शेवटचा हात १० मेच्या आत देऊन होईल अशा बेताने काम धरा.

आम्हाला चवथीसाठी रंगवायचंय. चालेल का?

आतून खुशाल रंगवा. बाहेरून नको.

हे उत्तर कोणालाच आवडत नाही, ते ठाऊक आहे. गणपती घरी येणार, मुंबई-पुण्याचे पाहुणे येणार, आणि दर्शनी भिंत शेवाळलेली. पण चवथ ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात पडते. चार दिवस ऊन पडलं तरी भिंतीच्या पोटात जूनपासूनचं पाणी असतं. त्यावर चढवलेला रंग वर पातळ कातडी धरतो आणि नंतर ऊन तापलं की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर यायला बघतं. मग फोड येतात. तुळशीवृंदावन, ओसरीच्या आतली भिंत, दाराची चौकट अशा छपराखालच्या कोरड्या जागा रंगवून घ्या. बाकी भिंती नुसत्या धुऊन काढा. धुतलेल्या भिंतीनेही घर उजळतं.

मे संपत आला आणि काम सुरूच झालं नाही. आता निदान काय करावं?

रंगाचा नाद सोडा. पन्हळी आणि गच्चीची तोंडं साफ करा, मोठ्या भेगा भरा, सरकलेली आणि फुटलेली कौलं बदला, भिंतीला घासणाऱ्या फांद्या छाटा, गंजलेल्या ग्रिलला निदान प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) आणि ऑइल पेंटचा एक हात द्या.

भिंतीवर नुसता प्रायमर मारून ‘रंग पावसाळ्यानंतर’ असं मात्र करू नका. प्रायमर हा पाऊस झेलण्यासाठी केलेला थर नाही. चार महिने उघडा राहिला की तो भुकटी होतो आणि ऑक्टोबरात तो खरवडण्याची मजुरी वेगळी पडते. नवीन प्लास्टर असेल तर ते तसंच राहू द्या. नीट पाणी मारून पक्कं झालेल्या सिमेंट प्लास्टरला एक पावसाळा काही करत नाही.

नवीन प्लास्टरवर किती दिवसांनी रंग द्यायचा?

कमीत कमी २८ दिवस. ताज्या सिमेंटमध्ये क्षार जास्त असतो, तो रंगाला आतून खातो. आठ दिवसांत रंगवलेल्या भिंतीवर जागोजागी फिकट डाग दिसतात, ते यामुळेच.

पाणी भिंतीत कुठून शिरतं, हे कसं ओळखावं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, आणि तो विचारणारे सगळ्यात कमी.

जुलैत पाऊस झोडपत असताना छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोणती भिंत भिजते, पाणी कुठून ओघळतं, पन्हळ कुठे ओसंडते, हे त्या दहा मिनिटांत जेवढं कळतं तेवढं मार्चमध्ये कोणताही जाणकार सांगू शकणार नाही. पश्चिम आणि नैऋत्येकडच्या भिंतींकडे जास्त लक्ष द्या.

घराच्या आतली ओलही बरंच सांगते. जमिनीपासून दोन-तीन फूट वर चढलेली, वरची कड वेडीवाकडी असलेली ओल ही खालून, जोत्यातून येते. वर्षानुवर्षं अंगणात माती, पेव्हर टाकून अंगणच जोत्याच्या वर आलेलं असतं, आणि लोक रंगाला दोष देत बसतात. खिडकीखाली मिशीसारखे ओघळ असतील तर खिडकीची सिल आतल्या बाजूला कललेली आहे किंवा चौकटीभोवतीची फट उघडी आहे. छताच्या कोपऱ्यात गोल डाग म्हणजे गच्ची किंवा कठड्याचा सांधा. आणि भिंतीच्या मधोमध एकच ओला ठिपका दिसला तर आधी एसीच्या पाइपाचं भोक बघा. एसी बसवणारा ते भोक पाडून जातो आणि बुजवायचं पुढच्यावर सोडतो.

छज्जाच्या खालच्या बाजूला, कडेपासून इंचभर आत, एक खाच असायला हवी. पाणी त्या खाचेपाशी थांबून खाली टपकतं. खाच नसेल तर तेच पाणी छज्जाच्या पोटावरून सरकत भिंतीपर्यंत येतं. बऱ्याच नव्या बंगल्यांत ही खाच विसरलेली असते किंवा पुट्टीने बुजवलेली असते. ती मोकळी करायला गवंड्याला अर्धा दिवस पुरतो, आणि भिंतीवरचे काळे ओघळ निम्म्याने कमी होतात.

भिंत सुकली की नाही हे घरच्या घरी कसं तपासायचं?

दीड फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या आणि चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवा. दुसऱ्या दिवशी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब किंवा भिंतीवर गडद डाग दिसला, तर भिंत अजून ओली आहे. ही तपासणी उन्हातल्या नव्हे, सावलीतल्या भिंतीवर करा, आणि जोत्याजवळ एकदा, वर एकदा अशी दोन ठिकाणी.

जुना रंग पूर्ण खरवडायचा की त्यावरच मारायचा?

हात फिरवून बघा. तळहाताला पिठासारखी भुकटी लागली तर त्या थरावर काहीही टिकणार नाही. गोव्यातल्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या पुष्कळ घरांवर जुना सिमेंट पेंट आहे. जाणती मंडळी त्याला सरसकट ‘स्नोसेम’च म्हणतात. तो वयानुसार भुकटी सोडतो. त्यावर थेट इमल्शन (पाण्यात मिसळणारा रंग) चढवलं की वरचा रंग खालच्या भुकटीला धरतो आणि दोघं मिळून कागदासारखे सुटतात. असा थर तारेच्या ब्रशने घासून, पाण्याने धुऊन काढायचा आणि मगच प्रायमर द्यायचा.

भुकटी नसेल तर चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीला रंगाचे तुकडे चिकटून आले तर खरवडा. नाही आले तर पॉलिश पेपर फिरवून, धुऊन, त्यावरच नवे हात देता येतात. भिंतीचा थोडासा भागच सुटला असेल तर अख्खं घर खरवडायचं कारण नाही, पेंटर काहीही म्हणो.

२०१७ च्या आधीचा, विशेषतः दारं-खिडक्या आणि ग्रिलवरचा चकचकीत ऑइल पेंट कोरडा घासू नका. त्यात शिसं असण्याची शक्यता बरीच. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधी सक्तीचं बंधन नव्हतं. पाणी शिंपडत ओलं घासा, खाली प्लास्टिक पसरा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत तिथे थांबू देऊ नका.

शेवाळ आणि काळे डाग कशाने जातात?

ब्लीच. बाजारात मिळणारं द्रवरूप ब्लीच एक भाग आणि पाणी तीन भाग असं मिश्रण ब्रशने लावा, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, नायलॉनच्या ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा घाला. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा फिनेल-अमोनियासारखं काहीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू सुटतो. संडास धुण्याचं अ‍ॅसिड भिंतीवर ओतणारे लोक आहेत. शेवाळ जातं खरं, पण सोबत प्लास्टरमधलं सिमेंटही जातं.

खाली झाडं असतील तर आधी त्यांच्या मुळांना साधं पाणी पाजा, कुंड्या बाजूला घ्या. धुण्यासाठी प्रेशर पंप वापरत असाल तर सिमेंटच्या भिंतीवर चालेल. चुन्याच्या गिलाव्यावर आणि जुन्या चिऱ्यावर नको, तो दरजांतली, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांतली, माती उकरून काढतो.

शेवाळ मारल्याशिवाय त्यावर रंग देणं म्हणजे पुढच्या जुलैत तेच शेवाळ नव्या रंगातून बाहेर येणं. घराच्या उत्तरेला किंवा कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) सावलीत असलेल्या भिंतीवर शेवाळ पुन्हा पुन्हा धरेल. तिथे दरवर्षी पावसानंतर एकदा धुणं हाच उपाय.

भिंतीवर पांढरा, मिठासारखा थर येतो. तो काय?

लोणा. भिंतीतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं आणि पाणी उडालं की क्षार मागे राहतात. कोरड्या ब्रशने झाडून टाका, पाण्याने धुऊ नका. धुतलं की क्षार पुन्हा आत जातात. झाडल्यावर पुन्हा आला तर समजा की पाण्याचा झरा अजून चालू आहे. तो सापडेपर्यंत रंगाचे पैसे खिशात ठेवा.

भेगा कशा भरायच्या?

केसासारख्या बारीक भेगा प्रायमर आणि चांगल्या रंगाच्या दोन हातांत झाकल्या जातात. नखाचं टोक शिरेल अशी भेग मात्र पुट्टी फासून बुजत नाही. ती पात्याने ‘व्ही’ आकारात रुंद करायची, धूळ झटकायची आणि बाहेरच्या वापराचा, लवचीक अ‍ॅक्रिलिक क्रॅक फिलर दाबून भरायचा. खांब आणि भिंत जिथे मिळतात तिथली उभी भेग दरवर्षी उघडते, कारण दोन्ही वेगवेगळं प्रसरण पावतात. तिथे जाळी लावून प्लास्टर करून घ्या.

३ मिलिमीटरपेक्षा रुंद, तिरकी किंवा दर वर्षी वाढणारी भेग असेल तर पेंटरला नव्हे, इंजिनिअरला बोलवा. आणि बाहेर पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) कधीही वापरू देऊ नका. पाण्यात ते विरघळतं.

आमचं जुनं चिऱ्यांचं, मातीच्या दरजांचं घर आहे. त्याला कोणता रंग?

चुना.

जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. पावसात तो पाणी पितो आणि उन्हात सोडतो. आपल्या आजोबांनी वर चुन्याचा गिलावा आणि चुन्याचा रंग दिला तो भिंतीला श्वास घेता यावा म्हणूनच. त्या भिंतीवर सिमेंट प्लास्टर आणि वर जाड प्लास्टिकसारखा रंग चढवला की पाणी आत अडकतं. चिरा आतून भुसभुशीत होतो, दरजांतली माती वाहते, आणि बाहेरून घर नवंकोरं दिसत राहतं. दहा वर्षांनी प्लास्टरचा अख्खा पापुद्रा सुटतो तेव्हा मालकाला वाटतं की हल्लीचं सिमेंटच खराब.

भिजवलेला, गाळलेला चुना पातळ करून ओलसर भिंतीवर तीन-चार हात द्यावा लागतो. प्रत्येक हात आधीच्यापेक्षा थोडा दाट. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू कडक होतो, म्हणून घाई चालत नाही आणि रणरणत्या उन्हातही करायचा नाही. डोळे सांभाळा, चुना डोळ्यात गेला तर इजा होते. पोर्तुगीज काळात दर पावसाळ्यानंतर घराला नवा हात देण्याची रीत होती, आणि पांढरा शुभ्र रंग मुख्यत्वे चर्चना असे. पणजीतल्या फोंताईन्हासमधली पिवळी, निळी, तांबडी घरं त्याच वळणाची. चुन्याला दर दोन-तीन वर्षांनी हात द्यावा लागतो, ही त्याची किंमत. मला ती परवडणारी वाटते.

कुंपणाचे आणि दर्शनी भिंतीचे उघडे चिरे काळे पडतात. वार्निश मारू का?

नको. चकचकीत वार्निश पहिल्या पावसात सुंदर दिसतं, दुसऱ्यात पांढुरकं होतं, तिसऱ्यात सोलतं. सिलेन-सिलोक्सेन प्रकारचं, वर थर न धरणारं, पाणी झटकणारं द्रव्य मिळतं. ते पूर्ण कोरड्या, स्वच्छ चिऱ्यावर मारा. चिरा दिसायला तसाच राहतो आणि आतली वाफ बाहेर येते. कुंपणाच्या माथ्यावर उतार दिलेली सिमेंटची पट्टी असली तर निम्मं काळेपण तसंही कमी होतं.

सिमेंटच्या घराला कोणता रंग? ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकतात तो घ्यावा का?

बाहेरच्या वापराचं शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक इमल्शन, खाली क्षार सहन करणारा एक्स्टीरिअर प्रायमर, वर रंगाचे दोन हात. बहुतेक घरांना एवढं पुरतं.

रबरासारखा ताणला जाणारा जाड रंग बारीक भेगांवर पूल बांधतो, त्यामुळे पश्चिमेच्या मार खाणाऱ्या भिंतीला तो उपयोगी आहे. पण अट एकच: भिंत मागून ओली नसावी. जोत्यातून ओल चढत असेल तर हा रंग पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा भिंतीपासून सुटून लोंबतो. गच्ची गळत असेल तर पैसे गच्चीवर घाला. वॉरंटीचा कागदही वाचा. प्रायमर कोणता, हात किती, भिंत कोरडी होती का, बिल आहे का, अशा अटी त्यात असतात.

किती रंग लागेल आणि त्यात पाणी किती घालायचं?

गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना एक लिटर साधारण ५० ते ६० चौरस फूट. म्हणजे १,००० चौरस फुटांना वीस लिटरची एक बादली. खडबडीत प्लास्टर असेल तर जास्त. पाण्याचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं आणि ते प्रत्येक रंगाचं वेगळं. डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि मापाने पाणी घालायला लावा. जास्त पाणी म्हणजे भिंत लवकर रंगवून होते आणि रंगही लवकर जातो.

दिवसाच्या कोणत्या वेळी रंग द्यावा?

सकाळी दव उडाल्यावर, आणि सूर्य ज्या भिंतीवर आहे तिच्या उलट बाजूला. तापलेल्या भिंतीवर रंग पसरण्याआधीच सुकतो, पट्टे दिसतात. हवेत ८५ टक्क्यांपेक्षा जास्त दमटपणा असेल तर थांबा. दोन हातांच्या मध्ये चार ते सहा तास, दमट दिवशी त्याहून जास्त.

रंग देऊन झाला आणि त्याच रात्री वळीव आला. सगळं गेलं का?

बहुधा नाही. रंग वरवर सुकला असेल तर धुऊन जात नाही, पण भिंतीवर तपकिरी, चिकट ओघळ दिसतात. रंगातलं साबणासारखं द्रव्य पाण्याबरोबर बाहेर आलेलं असतं. साध्या पाण्याने एक-दोनदा धुतलं की जातं. रंगच वाहून गेला असेल तर तो भाग पूर्ण सुकू द्या, घासा आणि पुन्हा एक हात द्या. वादळाचा इशारा आला तर पहिलं काम परांची मोकळी करण्याचं. बांबू आणि कापड वाऱ्याला धरतात, आणि गावात विजेच्या तारा घरांना चिकटून जातात.

कोणती छटा जास्त टिकते?

पिवळी गेरू, तांबडी, तपकिरी, राखाडी. या छटा लोहाच्या खनिजांपासून येतात, ऊन त्यांना लवकर पुसत नाही. जांभळा, भडक गुलाबी, तीव्र नारिंगी लवकर फिके पडतात. खालच्या दोन फुटांचा पट्टा गडद तांबडा ठेवा. आपल्याकडची लाल माती पावसात उडून तिथेच बसते, आणि डिचोली, सत्तरीच्या बाजूला खाणीची धूळही असते. पांढऱ्या जोत्याचा हट्ट धरू नका. भिंतीलगत फूटभर रुंद खडी टाकली तर शिंतोडे आणखी कमी होतात.

समुद्राजवळच्या घराच्या ग्रिल वर्षात गंजतात. काय करावं?

मिठाचा थर गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय रंग देऊ नका. मीठ रंगाखाली राहिलं की गंज आतूनच सुरू होतो. तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, धुवा, सुकवा, आणि त्याच दिवशी झिंक फॉस्फेटचा प्रायमर द्या. मग ऑइल पेंटचे दोन हात. ग्रिल जिथे भिंतीत शिरते ती जागा सीलंटने बंद करा, पाणी तिथूनच आत जातं. लाकडी दारांच्या खालच्या आणि वरच्या कडा रंगवायला विसरू नका. त्या दिसत नाहीत म्हणून पेंटर सोडतो आणि दार तिथूनच फुगतं.

पश्चिमेच्या भिंतीला ताडपत्री बांधावी का?

बांधा, पण भिंतीला चिकटवून नको. पूर्वी विणलेल्या झावळ्या लावत, त्यातून हवा खेळत असे. निळं प्लास्टिक भिंतीला टेकलं तर आतली ओल चार महिने अडकते. बांबूच्या चौकटीवर, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून ताणा.

घर वर्षभर बंद असतं, आम्ही मुंबईला. काय करावं?

कुणाकडून तरी जूनच्या सुरुवातीला आणि ऑगस्टमध्ये पन्हळी साफ करून घ्या. महिन्यातून एकदा दारं-खिडक्या उघडायला सांगा. जुलैतले भिंतींचे फोटो मागवा. कुलदेवतेच्या जत्रेला आलात की ते फोटो घेऊनच पेंटरशी बोला.

पेंटरशी काय ठरवून घ्यावं?

धुणं, घासणं, भेगा, प्रायमर आणि रंग यांचा दर वेगवेगळा लिहून घ्या. ‘सगळं मिळून’ असा एकच आकडा घेतला की तयारीचे दिवस आक्रसतात. रंगाचा ब्रँड, छटेचा क्रमांक, हातांची संख्या कागदावर असू द्या. शेवटचा हप्ता रंग संपल्यावर लगेच देऊ नका, पहिले दोन वळीव पडेपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवा, आणि हे आधीच सांगा. उरलेला अर्धा लिटर रंग झाकण घट्ट लावून, त्यावर तारीख आणि भिंतीचं नाव लिहून ठेवा. ऑक्टोबरात ठिगळ मारायला लागतोच.